मुगाच्या पेटीत कोपरापर्यंत

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवाजवळही नाही — देवाकडे मी मागायला जाते, सांगायला जात नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगावं असं ठरवलं, आणि आता लिहायला बसले तर हात आखडतोय. माझा हात सहसा आखडत नाही. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा.

पण आधी मला माझा राग सांगू द्या. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं म्हणजे तो सांगायची मला हौसही आहे. अजून ताजा आहे तो.

मी अमडापूरची. पापड, कुरडया, शेवया, मुगवड्या — हा माझा धंदा. लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्यांच्या ओसरीवर मजुरीनं पापड लाटायची. आज माझी स्वतःची शेड आहे, पीठ मळायचं मशीन आहे, उन्हाळ्यात गावातल्या बायका माझ्याकडे लाटायला येतात. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. नवरा जीपवर ड्रायव्हर आहे, अमडापूर-चिखली, चिखली-अमडापूर. भला माणूस. पण भाव करायला त्याला सोबत नेऊ नये. तो दुकानदाराच्या बाजूनं बोलतो.

भाव मी करते. आणि भाव करण्याआधी हात घालते.

हे जरा नीट समजून घ्या. बाजारात गोणीच्या तोंडाशी जो माल दिसतो तो दाखवायचा असतो. विकायचा माल खाली असतो. धंद्याच्या पहिल्याच वर्षी मी वरचा उडीद पाहून अख्खा कट्टा उचलला, घरी येऊन ओतला, तर खाली जुनाट दाणे, खडे आणि कोंडा. त्या वर्षीचे पापड काळपट झाले आणि मी रडले — रागानं रडले, दुसऱ्या कशानं नाही. तेव्हापासून मी बाही वर सारते, हात कोपरापर्यंत गोणीत घालते, तळाची मूठ वर काढते, तळहातावर पसरते आणि दोन दाणे दाताखाली फोडते. ओलसर दाणा चेपतो. वाळलेला कटकन फुटतो. जुना जिभेला धुळीसारखा लागतो. त्यानंतर भाव. आमच्या बाजारात मला 'कोपरावाली' म्हणतात. लांबून पाहिलं की व्यापारी एकमेकांना हाका घालतात.

"आली रे, कोपरावाली आली! झाक बे तो दुसरा कट्टा!"

"या माय, या. आधी हात घाला, मंग तोंड चालू करा!"

मीही हसते आणि हात घालते. आमच्याकडे यात वाईट काही नाही. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. जो व्यापारी हात घालू देत नाही त्याच्या गोणीत काहीतरी आहे, हे कुणालाही कळतं.

आता प्रशांत. चिखलीत त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. मी गेले की म्हातारा गोणीचं तोंड सोडून बाजूला उभा राहायचा — घाला म्हणे हात. प्रशांत तेव्हा काट्यावर असायचा आणि माझा भाव ऐकून कपाळावर हात मारून घ्यायचा. "काकू, तुम्हाले फुकटच देऊन टाकतो ना! वरून जीपचं भाडंबी देतो!" अशी आमची बोलणी. मला तो पोरगा आवडायचा, खोटं कशाला बोलू. वडील गेल्यावर त्यानं दुकान पाडलं आणि मार्ट काढलं. काचेचं दार, थंड हवा, ढकलगाड्या. मधोमध सुट्या मालाची रांग: पारदर्शक पेट्या, प्रत्येकीला झाकण, साखळीनं बांधलेला चमचा आणि वर भावाची चिठ्ठी. म्हणजे बोलायला माणूसच नाही. चिठ्ठीशी घासाघीस कशी करणार?

तरी मी गेले. फाल्गुन लागला होता, मुगवड्यांसाठी मूग हवे होते, आणि बाजारातला मूग त्या दिवशी मला पटला नव्हता. मार्टमधल्या पेटीचं झाकण उघडलं, बाही वर केली — ठरवून नाही केली हो. देवळात गेल्यावर पदर आपोआप डोक्यावर जातो ना, तसा हात गेला. कोपरापर्यंत. तळाची मूठ वर काढली, दोन दाणे तोंडात टाकले. चांगले होते. कडक, नवे.

बाजूला एक बाई उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. त्या किंचाळल्याच.

"ई! अहो, हात घातला यांनी! आता हे कोण खाणार?"

प्रशांत आला. मला वाटलं हसेल. त्यानं त्या बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, हा आठवडी बाजार नाहीये. चमचा कशासाठी बांधलाय इथे?" नाहीये म्हणे! माझ्याशी जन्मभर वऱ्हाडी बोलणारा हा. त्या बाईंना ऐकू जावं म्हणून तो माझ्याशी शहरातलं बोलत होता.

"माल पाह्यल्याबिगर कोन घेते रे?" मी म्हटलं. "तुह्या बापाच्या दुकानात बी अशीच पाहत होती मी."

बापाचं नाव काढलं ते त्याला झोंबलं. झोंबावं म्हणूनच काढलं होतं. त्यानं हाक मारली, "मंदा! ही पेटी पूर्ण रिकामी कर. कचऱ्यात टाक. आणि पेटी साबणानं धू."

मंदा म्हणजे त्या रांगेची साफसफाई पाहणारी बाई. चिखलीचीच. निळा अ‍ॅप्रन, डोक्याला टोपी, किडकिडीत. मला तोंडओळखीनं ओळखत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मालकाला म्हणाली, "भाऊ, काकूले माहीत नसन. नवीनच हाय ना हे समदं."

"पूर्ण रिकामी म्हणालो ना मी!"

मग तिनं ते मूग माझ्या डोळ्यांदेखत काळ्या पिशवीत ओतले. सगळे. माझ्या हातात अजून ती मूठ होती आणि ती कुठे ठेवावी ते मला कळेना. पेटीत टाकता येईना, पदरात बांधता येईना. लोक थांबून पाहत होते. शेवटी मंदानंच पिशवीचं तोंड माझ्यापुढे धरलं, नजर खाली ठेवून. मी मूठ सोडली.

इथवर झालं असतं तर मी चार शिव्या घालून विसरले असते. मी भांडखोर आहे, पण भांडण घरी नेत नाही. प्रशांतनं मात्र ते तिथं सोडलं नाही. मार्टच्या दारात एक मोठा टीव्ही आहे, त्यावर दिवसभर सवलती दाखवतात. आठवड्याच्या आत त्यावर कॅमेऱ्यातलं चित्र फिरायला लागलं — एक हात, हिरव्या बांगड्या, मुगाच्या पेटीत कोपरापर्यंत. मग तोच हात तोंडाकडे. खाली मोठ्या अक्षरांत, 'कृपया सुट्या मालात हात घालू नका. आपल्या आरोग्यासाठी.' चेहरा कापला होता. पण माझ्या हातावर कुरडईच्या चिकाचा चटका आहे, मनगटापासून वर, लांब आणि पांढरा. तो चटका आमच्या भागात कोण ओळखत नाही?

नवरा जेवायला बसला होता. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "काऊन वं, तू टीव्हीवर येऊन राह्यली म्हन्तेत? सिटं सांगत होते." सिटं म्हणजे त्याच्या जीपमधली माणसं. त्याला त्यात गंमत वाटली होती. मी ताट त्याच्यापुढून उचललं.

मी प्रशांतकडे गेले. सरळ गेले, आवाज न चढवता — माझ्यासाठी ते किती कठीण आहे, तुम्हाला कल्पना नाही. म्हटलं, ते काढ. तो म्हणाला, "तुमचं नाव कुठंय त्यात, काकू? तोंड तरी दिसते का?" आणि हसला. माझ्याच पद्धतीनं हसला, भाव पाडल्यावर मी हसते तसा. इतक्या वर्षांचं त्यानं साठवून ठेवलं होतं का? मला वाटतं, ठेवलं होतं.

तो माझ्या धंद्याचा हंगाम होता. लग्नाच्या ऑर्डरी फाल्गुन-चैत्रातच ठरतात. एक बाई फोनवर म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडच्या बाया हातमोजे घालतेत का वं? नाही, सहजच इचारलं." सहजच! ज्या घरच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला माझे पापड गेले, त्यांनी धाकटीच्या लग्नाला बुलढाण्याहून मागवले. लाटायला येणाऱ्या बायकांना मी घरी बसायला सांगितलं. शेडमध्ये दुपारी एकटी बसायचे आणि पोळपाट मोजायचे. बोलायला तिथं कुणी नसायचं, मग मी मनातल्या मनात प्रशांतशी बोलायचे. त्या बोलण्यात तो नेहमी हरायचा.

मग मी मार्टमध्ये जायला लागले. काही घ्यायचं नसताना. एक ढकलगाडी घ्यायची, त्यात साबणाची वडी टाकायची आणि सुट्या मालाच्या रांगेजवळ रेंगाळायचं. मला पाहायचं होतं, या स्वच्छ लोकांच्या जातीत काय काय चालतं. तुम्हीही कधी उभं राहून पाहा. एक गृहस्थ काजूच्या पेटीतून चमच्यानं काजू काढायचे, चमच्यातले दोन तोंडात टाकायचे आणि उरलेले परत पेटीत. एक आई पोराला मनुकांत बोटं घालू द्यायची आणि लाडानं म्हणायची, "बस हं, एकच." कुणी खजूर खाली पाडून पुन्हा वर ठेवायचं. कुणी तोंड पेटीवरच धरून शिंकायचं. आणि प्लास्टिकची पिशवी! ती पिशवी कुणालाच उघडत नाही. प्रत्येक जण — प्रत्येक जण, तुम्हीसुद्धा — बोट जिभेला लावतो, पिशवी चोळून उघडतो आणि त्याच ओल्या बोटानं चमचा धरतो. पुढचाही तोच चमचा धरतो. दिवसभर. सगळ्या गावाची थुंकी त्या एका दांड्यावर. यातल्या कुणाचं चित्र दारात लागलं? कॅमेरा तर यांच्याही डोक्यावर होता.

हे मी भेटेल त्याला सांगत सुटले. आणि पुढे म्हणायचे, माझे हात स्वच्छ होते. मी हात धुऊन गेले होते.

नव्हते.

त्या सकाळी आमच्या बाजारातून मी तशीच जीपमध्ये बसले होते. बाजारात कोंबडी घ्यायची होती, तिचं पोट आणि छाती चाचपली होती, तंगड्या धरून उलटी करून पाहिली होती. घेतली नाही, भाव जमला नाही. हात पदराला पुसला आणि निघाले. म्हणजे ती इस्त्रीची साडीवाली बाई ओरडली ते बरोबर होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तिच्यावरचा माझा राग त्यामुळे कमी झाला असं समजू नका. वाढला.

आता मी केलं ते.

माझ्या कोठीत मागच्या वर्षीच्या मुगाचा एक डबा होता, त्याला भुंगे लागले होते. कडधान्याचा भुंगा तुम्ही पाहिला असेल — तपकिरी, इवलासा, दाण्याला गोल भोक पाडून बाहेर येतो. एकदा शिरला की मूग, मटकी, चवळी, हरभरा, काही सोडत नाही. तो डबा मी उन्हातही घातला नव्हता, कोंबड्यांना टाकायचा म्हणून बाजूला ठेवला होता. पाडवा झाल्यावर त्यातले मूग मी एका कापडी पिशवीत भरले, पिशवी कमरेला खोचली आणि मार्टला गेले. कॅमेरा कुठून काय पाहतो, ते प्रशांतनंच मला महिनाभर दारात दाखवलं होतं. खालच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या पेट्या त्या चित्रात कधी आल्याच नाहीत. मी वाकले, साडीच्या निऱ्या सारख्या केल्यासारखं केलं, आणि एकेका पेटीत एकेक मूठ. वर नाही टाकली. हात कोपरापर्यंत घालून तळाशी सोडली. मला माहीत होतं की प्रशांत जुना माल संपायच्या आधी नवा वरून ओतायला लावतो. खालचं खालीच राहणार होतं.

भीती वाटली का? नाही. मजा वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. चिखलीच्या स्टँडवर मी उभ्यानं भजी खाल्ली.

उन्हाळा तापत गेला आणि मी वाट पाहिली. आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाच्या आधी मार्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तोच दिवस मी धरला. त्या दिवशी चांगली साडी नेसले. पेटीजवळ गेले, चमचा घेतला — बघा, चमचा! — तो तळापर्यंत खुपसला, वर काढला आणि तिथल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला. ट्रे चालायला लागला. भुंगेच भुंगे. आणि मग मी माझा आवाज सोडला. बाजारात या टोकाचा त्या टोकाला जातो तो आवाज.

"या हो या! पाहा, आपल्या आरोग्यासाठी काय ठेवलं हाय ते!"

दहा दिशांनी मोबाईल वर झाले. मी दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. लोक हातातल्या पिशव्या जागेवर टाकून निघायला लागले. ती मघाची, म्हणजे त्या दिवशीची, साडीवाली बाई तिथं असती तर काय बहार आली असती! नव्हती. पण प्रशांत होता. धावत आला, घामाघूम. त्या थंड हवेत त्याला घाम फुटला होता, आणि मी तो डोळे भरून पाहिला.

इथं मी थांबले असते तरी चाललं असतं. मी त्याला मारलं होतं, तो पडला होता. मग काय झालं?

त्यानं मंदाला पुढे बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं, "पेट्या रिकाम्या करून धुतल्या होत्या का तू?"

"हो भाऊ. पाडव्याले समद्या धुतल्या. वाळवून भरल्या." तिचा आवाज बारीक होता, पण सरळ होता.

"मग हे काय आहे?"

तिला कळेना. तिनं वाकून ट्रेकडे पाहिलं. खरंच पाहत होती, कुठून आले म्हणून. आणि प्रशांत माझ्याकडे वळला. दोन्ही हात जोडले. आता पुन्हा वऱ्हाडी. "काकू, तुम्हाले मालातलं समजते. तुमीच सांगा समद्यांसमोर. धुतलेल्या पेटीत भुंगे होतेत का?"

मोबाईल माझ्याकडे वळले. काय सांगायचं होतं मला? मला पूर्ण माहीत होतं. धुतलेल्या पेटीतही भुंगे होतात. माल किडका आला तर होतात. बाहेरून कुणी आणून टाकले तरी होतात. 'माल किडका' म्हणाले असते तर सगळं प्रशांतवर गेलं असतं — मी त्यासाठीच तर आले होते! पण त्यानं लगेच व्यापाऱ्याचा माल काढून दाखवला असता, मागच्या गोदामातली पोती फोडली असती, ती स्वच्छ निघाली असती. मग कुणीतरी म्हटलं असतं, कॅमेरे पाहा. सगळे पाहा, सगळे दिवस पाहा. एवढी मी आवाजाची, एवढी मी कोपरावाली — आणि त्या क्षणी मला फक्त माझं कातडं दिसलं.

मी म्हटलं, "नाही होत. धुतलेल्या पेटीत भुंगे होत नाहीत."

बस. एवढंच वाक्य. लोकांनी माना डोलावल्या. जिला मालातलं समजतं तिनं सांगितलं होतं.

प्रशांतनं तिथंच मंदाला अ‍ॅप्रन काढायला लावला. गाठ मागे होती, तिच्या हाताला ती लवकर सापडेना. कुणीतरी म्हणालं, "अशा बायांमुळेच रोग पसरतेत." ते मोबाईलमध्ये रेकॉर्ड झालं, गावोगाव फिरलं. माझ्या आवाजासकट.

चार दिवसांनी प्रशांत माझ्या शेडमध्ये आला. स्वतः. दारातलं चित्र काढलं होतं. म्हणाला, काकू, झालं गेलं सोडा, तुमच्यासारखी पारख असलेली बाई माझ्या विरोधात नको. तुमचे पापड मार्टमध्ये ठेवतो, पाकिटात, तुमच्या नावानं. आता सुटा माल बंदच केला आहे मी, लोकांना पाकीटच पाहिजे. मी तासभर घासाघीस केली. जन्मातली सगळ्यात चांगली घासाघीस. मला हवी होती ती, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या उंचीवरची फळी मी त्याच्याकडून घेतली. तो गेल्यावर मी बायकांना निरोप पाठवले, या म्हणून. पोळपाट पुन्हा वाजायला लागले.

आणि त्याच आठवड्यात मंदा आली.

एवढं सगळं मी तुम्हाला सांगत आले, ते इथं यायचं लांबवण्यासाठी. भुंग्यांचं मी कुणाला सांगितलंही असतं एखाद वेळी, हसत हसत, म्हातारपणी. हे नसतं सांगितलं.

ती दारात चपला काढून उभी राहिली. उन्हातून आली होती, तिला पाणी दिलं ते माझ्या लाटणाऱ्या बायकांपैकी एकीनं, मी नाही. तिच्या नवऱ्याची कंबर हमालीत गेलेली, तो घरीच असतो, हे मला ठाऊक होतं. चिखलीत तिला कुणी कामाला ठेवत नव्हतं. मोबाईलमधल्या बाईला किराणा दुकानात, हॉटेलात, शाळेच्या खिचडीवर कोण उभं करणार?

"काकू, काम असन तं पाहा," ती म्हणाली. "तुम्हाले मालाचं समजते, मले साफसफाईचं समजते. तुमच्यावर माहा राग नाही. तुमी जे पाह्यलं तेच बोलल्या." मग म्हणाली, "पन काकू, एक सांगा. म्या खरंच धुतल्या होत्या. देवाशपथ धुतल्या होत्या. मंग ते भुंगे आले कोठून?"

ती मला विचारत होती. भांडायला आली नव्हती. ज्याला कळतं त्याला विचारावं, तसं विचारत होती. लाटणाऱ्या बायकांचे हात थांबले होते.

मी म्हटलं, "नखं दाखव."

माझ्याकडे ही पद्धतच आहे. कामावर येणाऱ्या प्रत्येक बाईची नखं मी रोज सकाळी पाहते. मंदानं दोन्ही हात पुढे केले, पालथे आणि मग उताणे. नखं बोटाच्या मांसापर्यंत कापलेली. एकाही नखात रेघ नाही. बोटांची कातडी साबणानं आणि फिनाइलनं पांढरी पडून चिरली होती. इतके स्वच्छ हात माझ्या शेडमध्ये तेव्हा एकाही बाईचे नव्हते, माझे धरून.

मी ते हात चांगले पाहिले. आणि त्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाही जमणार, बाई. खायच्या वस्तू हायेत ह्या. भुंगेवाल्या बाईले ठेवलं तं माह्ये पापड कोन घेईन?"

मनात दुसरंच होतं. प्रशांतनं जिला काढलं तिला मी ठेवलं, तर माझी फळी जाईल का? एवढंच मी मोजत होते. आणि ती रोज समोर बसून लाटेल, रोज तिचे हात मला दिसतील, कधीतरी पुन्हा विचारेल — ते मला नको होतं.

तिनं हात मागे घेतले. "बरं काकू," म्हणाली. चपला घातल्या आणि गेली. एका बाईनं मागून म्हटलं, "काय वं माय, बरं केलं तुमी. काय भरवसा अशांचा?" मी 'हो' म्हटलं.

प्रशांतवरचा माझा राग गेलेला नाही. त्याचा मार्ट आज पहिल्यापेक्षा मोठा आहे, वरचा मजलाही घेतला त्यानं, आणि माझे पापड तिथं खपतात. ज्याला मारायला निघाले त्याला ओरखडा नाही. उलट आम्ही एकमेकांच्या फायद्याचे झालो. पुन्हा संधी मिळाली तर मी त्याला सोडणार नाही, हेही लिहून ठेवते. मी सुधारले वगैरे काही नाही.

मंदा आता सुलतानपूरकडे बहिणीच्या गावी असते, सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जाते, असं ऐकते. मी गेलेली नाही. ती शिकलेली आहे, वाचते. हे छापून आलं तर कधीतरी तिच्या हाती पडेल, प्रशांतच्याही पडेल, माझ्या नवऱ्याच्याही. पडू दे. फळी जाईल, गिऱ्हाईक जाईल, ते मी हिशोबात धरलं आहे.

तिनं मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही होतं. ते इथं देते.

मंदा, पेट्या स्वच्छ होत्या. भुंगे मी आणले होते.